‘दहा’ म्हणताना जीभ कुठे जाते?

मिरजेत नर्सिंग शिकून जर्मनीला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या वर्गात आकडे सुरू झाले, की ‘दहा’पाशी अडखळणारे भेटतात. जर्मन उच्चार आहे ‘त्सेन’, तोंडातून येतं ‘चेन’. खोली म्हणजे ‘त्सिमर’, त्याचं होतं ‘चिमर’. मात्र दात म्हणजे ‘त्सान’ आणि आगगाडी म्हणजे ‘त्सूग’ हे शब्द त्याच मुलांना पहिल्या दमात जमतात. व्यंजन एकच, मग हा फरक का? शिक्षकाचं जर्मन कितीही उत्तम असलं तरी याचं उत्तर त्यातून मिळत नाही, कारण ते मराठीत दडलेलं आहे.

मराठीत च एकच लिहितात, पण बोलताना दोन असतात. ‘चाक’, ‘चूल’, ‘चोर’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. ‘चिमणी’, ‘चेहरा’ म्हणताना जिभेचा पुढचा भाग टाळूकडे सरकतो. पहिला च म्हणजे जवळपास जर्मन ‘त्स’च. आता ‘त्याचा, त्याची, त्याचे’ सावकाश म्हणून बघा. ‘चा’ दातांशी, ‘ची’ आणि ‘चे’ टाळूशी. ‘माझा, माझी, माझे’ यातल्या झचंही तेच. इ आणि ए उच्चारताना जीभ मुळातच टाळूकडे उचललेली असते, त्यामुळे आधीचं व्यंजनही तिकडे ओढलं जातं. हा नियम आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. बोलायला लागल्यापासून तो अंगवळणी पडलेला असतो आणि जर्मन बोलतानाही जीभ तोच पाळते.

एवढं कळलं की उपाय हाताशी येतो. मुलाला ‘चाक’मधला चा म्हणायला लावायचा, जीभ दातांमागून हलू द्यायची नाही आणि फक्त स्वर बदलायचा: चा, चू, मग त्याच जागेवरून ए. ‘नीट ऐक आणि माझ्यामागून म्हण’ असं वीस वेळा सांगण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक आहे, असं माझं ठाम मत आहे. परकीय भाषा शिकवणाऱ्याने भाषाविज्ञानाचा पाया पक्का करावा, तो यासाठीच.

इंग्रजीतला ‘पेन’ हा शब्दही असाच तपासता येतो. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा. ‘पळ’ म्हटलं तर ती जेमतेम हलते, ‘फळ’मधला फ ओठ मिटून म्हटला तर उडते. मूळ इंग्रजी बोलणाऱ्याच्या ‘पेन’नेही ती उडते, ‘स्पिन’मधल्या पने मात्र नाही. इंग्रजीत हा फरक अर्थ बदलत नाही म्हणून त्यांना तो जाणवत नाही. मराठीत त्यावर ‘पळ’ आणि ‘फळ’ वेगळे ठरतात. लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांमधली अशी व्यंजनं मोजली, त्यांत मराठीही होती. ओठ उघडल्यापासून कंठाचं कंपन सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनी पाहिलं. इंग्रजी शब्दारंभीच्या पमध्ये तो सुमारे ६० मिलिसेकंद भरला. मराठी पमध्ये कंपन जवळजवळ लगेच सुरू होतं. म्हणून आपला ‘पेन’ इंग्रजी कानाला कधी कधी ‘बेन’ ऐकू येतो.

अमेरिकी भाषातज्ज्ञ रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली मांडलं होतं, की दोन भाषांची रचना शेजारी ठेवून तपासली तर विद्यार्थी कुठे अडेल ते आधीच सांगता येईल. ‘व्हेअर यू आर गोइंग?’ हे वाक्य त्याचा चांगला दाखला आहे. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची अदलाबदल करावी लागत नाही, म्हणून विद्यार्थी इंग्रजीतही ती करत नाही. पण सगळ्या चुका अशा नसतात. ‘वेंट’ऐवजी ‘गोड’ (goed) म्हणणारा विद्यार्थी मराठीतून काहीच आणत नाही. इंग्रजी घरातली लहान मुलंही तसंच म्हणतात. भूतकाळाचा नियम त्याने स्वतः शोधलाय, फक्त जरा जास्तच लांब ताणलाय. भाषातज्ज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली चुकांकडे असं बघायला शिकवलं. तांबड्या शाईने ‘गोड’ खोडणारा शिक्षक शिकण्याचा एक पुरावाच खोडत असतो.

वाक्यरचनेच्या बाबतीत तर आपल्याला लांब जायलाच नको. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली सांगलीजवळच्या कुपवाडच्या बोलींवर लिहिलेला लेख जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत आजही वाचला जातो. आता महानगरपालिकेत असलेलं कुपवाड तेव्हा खेडं होतं. तिथे मराठी, कन्नड, उर्दू आणि थोडी तेलुगू शतकानुशतकं शेजारी नांदत होत्या. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’ आणि कन्नडमध्येही शब्दाला शब्द त्याच क्रमाने. घरोघरचा शब्दसंग्रह वेगळा राहिला, वाक्याचा साचा मात्र जवळजवळ एक झाला. शब्द आणि रचना या स्वतंत्रपणे शिकायच्या गोष्टी आहेत, हे इतकं स्वच्छ दाखवणारी उदाहरणं थोडीच.

जपानी वाक्याचा साचाही मराठीशी बराच जुळतो, जपानी शिकवणाऱ्याने याचा फायदा जरूर घ्यावा. ‘सांगलीहून मिरजेला गेलो’ हे जपानीत ‘सांगली कारा मिराज ए इकिमाशिता’: कारा म्हणजे हून, ए म्हणजे ला, क्रियापद शेवटी. मराठी मुलाला इथे इंग्रजीच्या वाटेने नेणं म्हणजे उगाच वळसा घालणं.

म्हणून पहिल्याच तासाला प्रत्येकाला घरी कोणती भाषा बोलतात ते विचारावं. जत तालुक्यातून आलेल्या मुलाच्या घरी कन्नड असेल, तर कन्नडचा च साधारणपणे टाळूशीच उच्चारला जातो. मराठी पक्की बोलत असेल तर ‘चाक’मधला चा त्याला चालेल, नसेल, तर त्याची सुरुवात ‘त्सेन’पासून नाही, ‘त्सान’पासून करावी लागेल.