‘क्लीन’ की ‘व्हर्बॅटिम’? ऑडिओ पाठवण्याआधी एवढे वाचा

इंग्रजी मुलाखती आणि संभाषणे आमच्याकडून लिहून घेणारे एम.ए.-पीएच.डी.चे विद्यार्थी आणि ऐरोली-महापेच्या कंपन्यांचे ट्रेनिंग विभाग यांच्यासाठी.

ऑर्डर फॉर्मवर बहुतेक जण ‘क्लीन’वर खूण करतात. दर कमी, वाचायला सुटसुटीत. मग काही दिवसांनी फोन येतो: ‘मॅडम विचारतायत, पॉज कुठे आहेत?’ बोलण्यातले हे थांबे तिथे नसतातच. क्लीनमध्ये अं-अर्र, अडखळणे, अर्धवट सोडलेली वाक्ये आणि ऐकणाऱ्याचे ‘म्हं’, ‘या’ हे सगळे आम्ही गाळतो. एकच बोलणे दोन्ही पद्धतींनी पाहा (व्हर्बॅटिम म्हणजे जसे बोलले तसेच; कंसातला आकडा म्हणजे थांबा, सेकंदांत):

व्हर्बॅटिम: आय वॉज– आय वेंट टू, अं, (०.८) वाशी ओन्ली.
क्लीन: आय वेंट टू वाशी ओन्ली.

गाळलेले नंतर मधेमधे भरता येत नाही. रेकॉर्डिंग पहिल्या सेकंदापासून पुन्हा ऐकावे लागते, म्हणून पूर्ण दर पुन्हा लागतो. यावर वाद होतात, पण काम खरोखर दुप्पट होते.

‘ओन्ली’ मात्र दोन्हीकडे ठेवला आहे. तो मराठीतल्या ‘च’सारखा जोर देतो. सगळ्या वाक्यांमागे लागणारा ‘इजंट इट?’ किंवा ‘आय ॲम नोइंग’ हेही आम्ही दुरुस्त करत नाही. भारतीय इंग्रजीचा अभ्यास करायचा तर हाच कच्चा माल. व्याकरण सुधारून हवे असेल तर ते संपादनाचे काम, त्याचा दर वेगळा.

आता गाइड ज्या गोष्टी मागतात त्या. पॉज सेकंदाच्या दशांशात मोजून कंसात लिहितो; ०.२ सेकंदांहून लहान असेल तर कंसात फक्त टिंब. ही समाजशास्त्रज्ञ गेल जेफरसन यांची पद्धत, संभाषण विश्लेषणात सर्रास चालते. दोघे एकदम बोलले तर ओव्हरलॅप: दोन्ही ओळींत चौकटी कंस एकाखाली एक येतात. फाइल उघडून फॉन्ट बदललात की हे कंस सरकतात आणि ‘तुमचे कंस चुकलेत’ अशी तक्रार येते. सगळी अक्षरे सारख्या रुंदीची असणारा जो फॉन्ट आम्ही देतो तोच ठेवा.

बॅकचॅनल, म्हणजे ऐकणाऱ्याचा हुंकार, ही बोलण्याची स्वतंत्र पाळी धरू नका. व्यत्यय म्हणून तर मुळीच मोजू नका. ‘वेल’, ‘सो’, ‘यू नो’ हे डिस्कोर्स मार्कर, म्हणजे बोलण्याचा रोख दाखवणारे शब्द. उत्तराच्या सुरुवातीचा ‘वेल’ बऱ्याचदा नकाराची किंवा आढेवेढ्यांची चाहूल देतो, आणि क्लीनमध्ये नेमका तोच जातो. कॉल सेंटरच्या ट्रेनरनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

‘ॲक्सेंट दाखवा’ ही मागणी वेगळी. ॲक्सेंट म्हणजे फक्त उच्चार. बोलीत शब्द आणि व्याकरणही येते. नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आपला ट-ड दिसत नाही, व्ही-डब्ल्यूचा एकच झालेला ‘व’ही नाही. त्याला आयपीए (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी) लागते, आणि तासाभराचे रेकॉर्डिंग आयपीएत करून घेणे बहुतेकदा पैसे वाया घालवणे ठरते. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन डिपार्टमेंट स्टोअरमध्ये विक्रेत्यांकडून ‘फोर्थ फ्लोअर’ हे उत्तर काढून घेतले आणि त्यात ‘र’ उच्चारला जातो का, हे मुख्यतः टिपले. तुम्हीही एक-दोन ध्वनी ठरवा. तेवढेच शब्द आम्ही टाइमस्टॅम्पसह आयपीएत देतो.

रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवा. जमल्यास प्रत्येकाला वेगळा माइक आणि वेगळा चॅनल द्या. एकाच फोनवरच्या मोनो फाइलमध्ये ओव्हरलॅप सोडवणे कठीण जाते आणि तिथे ‘अस्पष्ट’ लिहावे लागते. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट नको, मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

अजूनही ठरत नसेल तर पहिली दोन मिनिटे दोन्ही पद्धतींनी मोफत लिहून देतो. गाइडची सही त्या नमुन्यावर घ्या, मग फॉर्मवर खूण करा.