पोटऱ्या भरल्या म्हणजे ताकद आली?

"काय पोटऱ्या आहेत पोराच्या, पैलवान होणार!" गड्ड्याच्या जत्रेत आमच्या पाच वर्षांच्या लेकाला बघून एक आजी म्हणाल्या. वर सल्ला: रोज तेलानं रगडा, पन्नास उठाबशा काढून घ्या. हा समज आमच्याही घरात वर्षभर नांदला.

खरं नेमकं उलटं. लेकाला निघाला तो डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजवत नेणारा जनुकीय आजार. त्यात पोटरी फुगते ती मुख्यतः स्नायूच्या जागी चरबी साचत गेल्यानं. स्नायूपेशीचं आवरण सांभाळणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन (ते ओळखलं गेलं १९८७ साली) या मुलांत जवळपास नसतंच, म्हणून ताण पडला की पेशी फाटतात. उठाबशा आणि जिना उतरणं सर्वांत वाईट, कारण तिथे स्नायू लांबता लांबता भार पेलतो. फिजिओथेरपिस्टना विचारून हलकं स्ट्रेचिंग, पोहणं चालतं. तेल लावा खुशाल. गेलेला स्नायू त्यानं परत येत नाही.

बघायचं ते पोटरीकडे नाही, उठण्याकडे. जेवण झालं की जमिनीवरून उठताना लेक आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यावर, मांडीवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा. आम्ही "म्हातारबा" म्हणून हसायचो! ही गॉवर्सची खूण. दिसली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा; रक्तातल्या सीकेच्या (क्रिएटिन कायनेज, फाटलेल्या स्नायूपेशींतून रक्तात झिरपणारं प्रथिन) साध्या तपासणीनं पुढची दिशा कळते.

आणि सुनेला बोल लावणाऱ्यांसाठी: दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असतो, सुमारे एकतृतीयांश मुलांत तो नव्यानंच उद्भवतो. डोहाळ्यांत काय खाल्लं याचा संबंध नाही.

आमच्याकडे आता भाकरी टेबलावर वाढतात.