स्पर्धात्मक बोली, ब्रिजमधील

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजच्या डावात दोन्ही जोड्या बोलीत उतरल्यावर आणखी बोलायचे, पास द्यायचा की डबल (प्रतिपक्षाच्या बोलीचे गुण व दंड वाढवणारी घोषणा) करायचे, यासंबंधीचे निर्णय. बोलीचे सर्वसामान्य नियम येथे गृहीत धरले आहेत.

सातारा-सांगली भागात ब्रिजकडे वळणारा खेळाडू बहुधा मेंढीकोटातून येतो. समोरचा भिडू सांभाळणे, हुकमाने मारणे, गेलेली पाने लक्षात ठेवणे हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. मेंढीकोटात हुकूम बोलीवर ठरत नाही, बंद पानाने किंवा कट करून ठरतो. त्यामुळे पाने खेळण्यात वाकबगार असलेला माणूसही समोरून ‘तीन बदाम’ आल्यावर ‘तीन इस्पिक’ म्हणावे की नाही, याशी अडतो. महाबळेश्वर हे मुंबई इलाख्याच्या सरकारचे उन्हाळी ठिकाण होते आणि तेथील क्लब १८८१ चा. व्हिस्ट (ब्रिजचा पूर्वज) व पुढे ब्रिज हे खेळ सातारा जिल्ह्यात याच वाटेने उतरले असावेत, असे मानण्यास जागा आहे. सांगलीत बैठ्या खेळांचा ओढा बुद्धिबळाकडे अधिक राहिला.

स्पर्धात्मक निर्णयांची मुळे गुणपद्धतीत आहेत. हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये आखलेल्या पद्धतीत व्हल्नरेबल (जिला बक्षीस व दंड दोन्ही अधिक असतात अशा) जोडीचा दंड वाढवला गेला. आजच्या हिशेबाने डबल झालेली बिगर-व्हल्नरेबल जोडी एक, दोन, तीन हात डाऊन गेली (बोलीपेक्षा तितके हात कमी पडले) तर १००, ३००, ५०० गमावते. व्हल्नरेबल असल्यास २००, ५००, ८००. प्रतिपक्षाचे व्हल्नरेबल चार बदाम ६२० गुणांचे. त्यावर बिगर-व्हल्नरेबल असताना चार इस्पिक बोलून तीन डाऊन गेले तरी फायदाच. १९८७ पूर्वी पहिल्यानंतरच्या प्रत्येक हाताला २०० च पडत. परिणामी प्रतिपक्षाच्या व्हल्नरेबल सात इस्पिकच्या २२१० गुणांवर अकरा हात डाऊन जाणे (२१००) हासुद्धा शहाणपणाचा सौदा ठरे! १९८७ च्या दुरुस्तीने चौथ्या हातापासून ३०० आकारले जाऊ लागले आणि तोच सौदा २९०० चा झाला.

डबलचा मूळ अर्थ दंडाचा. भिडूला रंग बोलायला लावणारा डबल ऑक्शन ब्रिजच्या (कॉन्ट्रॅक्टपूर्वीच्या प्रकाराच्या) काळात, साधारणतः १९१२ ते १९१५ दरम्यान, अमेरिकेत निघाला. न्यूयॉर्कचे मेजर चार्ल्स पॅटन आणि सेंट लुईसचे ब्रायंट मॅककॅम्बेल या दोघांकडे त्याचे श्रेय जाते. दोघांना तो स्वतंत्रपणे सुचला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ॲल्विन रॉथ यांचा निगेटिव्ह डबल (भिडूच्या बोलीवर प्रतिपक्ष मध्ये बोलल्यावर न बोललेले रंग दाखवणारा) १९५७ चा, म्हणून त्याला त्याच वर्षीच्या सोव्हिएत उपग्रहावरून ‘स्पुटनिक’ हे टोपणनाव पडले.

कोठपर्यंत बोलावे यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा ठोकताळा फ्रेंच खेळाडू ज्याँ-रेने व्हेर्न यांचा. दोन्ही जोड्यांना आपापल्या हुकमात मिळू शकणाऱ्या हातांची बेरीज ही त्यांच्या सर्वांत लांब रंगांतील पानांच्या बेरजेइतकी असते, असा हा ‘एकूण हातांचा नियम’. काही लेखक त्याचे वर्ष १९६९ देतात. त्या वर्षी जूनमध्ये ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकातील लेखामुळे तो इंग्रजी वाचकांपर्यंत गेला हे खरे. पण फ्रेंचमध्ये तो १९६६ मध्येच पुस्तकरूपाने आला होता आणि मूळ कल्पना त्याही आधीच्या दशकातली दिसते. १९६९ हे प्रसाराचे वर्ष मानणे बरे. घराघरांत तो नेला लॅरी कोहेन यांनी, १९९२ नंतर.

समजा उत्तरेकडे चौकटची एक्का-राणी आहे. राजा पश्चिमेकडे असला तर दक्षिणेची फिनेस (राजा आधी खेळणाऱ्याकडे आहे असे धरून राणी लावणे) लागते. तो पूर्वेकडे असला तर फिनेस फसते आणि तोच राजा पूर्व-पश्चिमेच्या हुकमात एक हात मिळवून देतो. बेरीज तीच राहते. आता उत्तर-दक्षिणेकडे नऊ इस्पिक, पूर्व-पश्चिमेकडे आठ बदाम, म्हणजे बेरीज १७, आणि कोणीच व्हल्नरेबल नाही. प्रतिपक्षाचे तीन बदाम होत असतील (१४०), तर आपल्याला इस्पिकमध्ये आठ हात आहेत. तीन इस्पिक बोलून एक डाऊन, डबल झाले तरी १०० च. त्यांचे तीन बदाम बसत नसतील तर आपले तीन इस्पिक होतात. बेरीज १६ असती तर गणित उलटले असते आणि पास योग्य ठरला असता.

माइक लॉरेन्स व आंदेर्श विर्ग्रेन यांनी २००४ मध्ये या नियमावर कठोर टीका केली. त्यांच्या मते हातांची संख्या हुकमाच्या लांबीपेक्षा जोडीच्या दोन वेगळ्या रंगांतील आखूडपणावर आणि उपयोगी पडणाऱ्या चित्रांवर अवलंबून असते. सर्वसाधारण ताकद असता १३ मधून त्या दोन आखूड रंगांतील पानांची बेरीज वजा केली की हातांची संख्या मिळते. विश्लेषण म्हणून त्यांची बाजू भक्कम आहे. मात्र बोली चालू असताना भिडूची आखूड पाने सहसा कळत नाहीत, हुकमाची लांबी कळते. त्यामुळे टेबलावर व्हेर्न टिकून आहेत.

जोडी-स्पर्धेत, जेथे तोच डाव खेळणाऱ्या इतर जोड्यांशी गुणांची तुलना होते, व्हल्नरेबल असताना डबलमध्ये एक डाऊन जाणे विशेष महाग पडते, कारण ११० किंवा १४० घेणाऱ्या प्रतिपक्षाच्या हाती आयते २०० पडतात. बोलीच्या पेटीतील डबलचे लाल पान अशा वेळी चटकन बाहेर येते. भिडूने पास देण्यापूर्वी केलेला विचार पाहून पुढची बोली ठरवणे मात्र नियमबाह्य आहे.