फिल्मच्या डब्यातला आंबट वास

जुन्या फिल्मचा डबा उघडल्यावर व्हिनेगरचा भपकारा आला, तर नाकावर विश्वास ठेवा. तो वास ॲसिटिक आम्लाचाच असतो. फिल्मवरचे चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असते. हा थर ज्या पारदर्शक पट्टीवर चढवतात, ती बरीच वर्षे सेल्युलोज ॲसिटेटची असे. ओल आणि उष्णता मिळाली की या ॲसिटेटमधून आम्ल सुटू लागते आणि सुटलेले आम्ल उरलेल्या पट्टीचे विघटन आणखी वेगाने घडवते. पट्टी आकसते, ठिसूळ होते. जिलेटिन तेवढे आकसत नाही, म्हणून चित्राला सुरकुत्या पडतात. एकदा सुरू झालेली ही प्रक्रिया मंदावता येते, उलटवता येत नाही.

गंमत म्हणजे ॲसिटेट आले तेच ‘सुरक्षित’ फिल्म म्हणून. आधीची नायट्रेट फिल्म जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवी, त्यामुळे ती पाण्याखालीही विझत नसे. 1950च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

जपायची वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, असे कुणालाही वाटेल. इथे मात्र तसे केले तर आम्लाची वाफ आतच कोंडते. म्हणून हवा खेळती राहील असे प्लास्टिकचे डबे वापरतात. लोखंडी डबे गंजतात. आंबट वासाची रिळे वेगळी काढतात, कारण त्यांची वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते. वास येण्याआधीच सुगावा लागावा म्हणून डब्यात रंग बदलणारी कागदी पट्टी ठेवतात. आम्ल वाढेल तशी ती निळ्याची हिरवी, मग पिवळी होते.

खरा इलाज गारवा. 21 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रतेत नवी ॲसिटेट फिल्म आंबू लागायला साधारण 40 वर्षे लागतात. 10 अंशांवर हा काळ शंभरी ओलांडतो. आर्द्रता 30 टक्क्यांच्या बरीच खाली नेली तर जिलेटिन कडक होते, फार वाढली तर बुरशी धरते.

रंगीत फिल्मचे दुखणे निराळेच. तिचे रंग अंधारातही विटतात. अनेक जुन्या प्रतींत निळसर छटा देणारा रंग आधी गेला आणि सगळे दृश्य गुलाबी झाले. यावर एक खर्चिक पण भरवशाची युक्ती आहे: तिन्ही रंगांची नोंद तीन वेगळ्या कृष्णधवल फिल्मवर करायची. तिथले चित्र चांदीच्या कणांचे असते, ते असे विटत नाही.

गार कोठारातून काढलेला डबा लगेच उघडत नाहीत. खोलीतली दमट हवा थंड फिल्मला लागली की तिच्यावर दव धरते.