हसू शिकवणाऱ्यांचा थकवा

कोकणातल्या एखाद्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात प्रॅक्टिकल चालू आहे. किचनात सुरमई तव्याला चिकटून तुटलीय आणि बाहेर ट्रेनिंग रेस्टॉरंटमध्ये सर्व्हिसवरच्या मुलाने पाहुण्याच्या शर्टावर सोलकढी सांडलीय. सर हसतमुखाने पुढे होतात, माफी मागतात, मुलाला नजरेनेच धीर देतात. राग आतल्या आत उसळत असतो.

या कामाला ‘भावनिक श्रम’ हे नाव 1983 मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी विमानातल्या सेविकांच्या अभ्यासातून रूढ केलं. त्याचे प्रकार दोन. वरवरच्या अभिनयात फक्त चेहरा बदलतो. ओठांचे कोपरे सांगितलं की वर जातात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू बहुतेकांचं सहजी ऐकत नाही, आणि पाहुण्याला ते जाणवतं. खोल अभिनयात माणूस मुळात भावनाच वळवतो. नंतरच्या अभ्यासांत थकव्याशी घट्ट नातं दिसलं ते पहिल्या प्रकाराचं.

वेटरला निदान किचनचा आडोसा असतो; आत येऊन तो चार शिव्या हासडतो. शिक्षकाचा वर्गच किचनात भरतो! त्यात गाव लहान. मासळीबाजारातही पालक गाठतात, “सर, आमचो झील नीट शिकता मां?”

राग चेहऱ्यावर येऊ दिला नाही म्हणून तो कमी होत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत भावना दाबणाऱ्यांच्या शरीरावरचा ताण उलट वाढला. त्या वेळी सांगितलेली माहितीही त्यांना कमी आठवली. म्हणजे मार्क देताना कोणाचं काय चुकलं हेच निसटू शकतं. प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहणं जास्त उपयोगी, पण ते राग चढण्याआधी जमतं. म्हणून सर्व्हिसपूर्वीच्या ब्रीफिंगमध्येच सांगून टाकावं: आज दोन गोष्टी बिघडणार, त्या सावरणं हेच प्रॅक्टिकल.

दोन बॅचेसच्या मध्ये 5 मिनिटं मिळाली तर नाकाने श्वास घ्यावा, त्यावरच आणखी एक छोटा श्वास, मग तोंडाने सावकाश, लांब सोडावा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या चाचणीत महिनाभर रोज 5 मिनिटं असं करणाऱ्यांची मनःस्थिती सुधारली. घाईघाईने जोरात श्वास ओढले तर मात्र रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

बर्नर पेटत नसेल, साठ ताटांना एकच सिंक असेल, तर श्वास मोजत बसू नये. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984 मध्ये ताण हाताळण्याच्या दोन वाटा मांडल्या: अडचण सोडवणं आणि भावना सावरणं. सिंकची अडचण पहिल्या वाटेची. तिथे प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा, तारीख टाकून.

पाहुणे गेल्यावर 10 मिनिटं मुलांना जवळ बसवावं. “सोलकढी सांडली तेव्हा मला राग आला होता, मी तो असा आवरला,” एवढं मोकळेपणाने सांगावं. ट्रे कसा धरायचा होता हेही दाखवावं, मुलाचं नाव न घेता.