‘राउंड द ट्विस्ट’ : दीपगृह, संडास आणि एक सरकारी नियम

‘राउंड द ट्विस्ट’ या मुलांच्या टीव्ही मालिकेच्या पहिल्याच भागात भूत भेटतं ते संडासात. बायको गेलेला शिल्पकार टोनी ट्विस्ट आपल्या तीन मुलांना घेऊन समुद्राकाठच्या दीपगृहात राहायला येतो. पीट आणि लिंडा ही जुळी, ब्रॉन्सन धाकटा. आवारातल्या ‘डनी’त सांगाडा बसलेला दिसतो आणि मालिका सुरू होते. डनी म्हणजे घरापासून दूर बांधलेला आडोशाचा संडास. ‘परसाकडे जाऊन येतो’ म्हणणाऱ्या पिढीला ती जागा वेगळी समजावून सांगायला नको. रात्री एकट्याने तिथवर जायची भीती आणि आत बसल्यावर सुटणारं हसू, या दोन्हींवर ही ऑस्ट्रेलियन मालिका चार पर्वं चालली : १९९०, १९९३, २००० आणि २००१. प्रत्येक पर्वात १३ भाग, एकूण ५२.

मुळात अशी मालिका निघाली कशी, याचं उत्तर सरकारी कागदात आहे. ऑस्ट्रेलियातल्या खासगी वाहिन्या मुलांच्या वेळेला स्वस्तातला माल लावून मोकळ्या होत. १९७९पासून त्यांच्यावर ‘सी’ दर्जाच्या, म्हणजे खास मुलांसाठीच बनवलेल्या कार्यक्रमांचं बंधन आलं आणि १९८४च्या नियमांनी मुलांसाठी देशी कथामालिकाही सक्तीच्या केल्या. हे नियम घडवणाऱ्यांत पॅट्रिशिया एडगर होत्या. पण नुसत्या सक्तीने चांगली मालिका होत नाही. वेळ भरायची म्हणून कसंही भरता येते. हे ओळखून १९८२मध्येच केंद्र आणि राज्य सरकारांच्या पैशांतून मेलबर्नला ‘ऑस्ट्रेलियन चिल्ड्रन्स टेलिव्हिजन फाउंडेशन’ उभं राहिलं आणि एडगरच त्याच्या संचालक झाल्या. ‘राउंड द ट्विस्ट’ या संस्थेची निर्मिती. पहिलं पर्व ‘सेव्हन नेटवर्क’ या खासगी वाहिनीवर आलं, पुढची ‘एबीसी’ या सार्वजनिक वाहिनीवर.

कथा पॉल जेनिंग्ज यांच्या. जन्म इंग्लंडचा, १९४३चा. लहानपणीच कुटुंबासोबत ऑस्ट्रेलियात आले. विशेष मुलांचे शिक्षक, मग वाचा-उपचारतज्ज्ञ, मग प्राध्यापक. पुस्तकाकडे पाठ फिरवणारी मुलं त्यांनी वर्गात पाहिली होती आणि घरातही. ‘अनरियल!’ हा त्यांचा पहिला संग्रह १९८५चा, त्यात आठ गोष्टी. वाक्यं आखूड, पहिल्या पानावर काहीतरी विचित्र, शेवटी उलटी कलाटणी. वाचायला कंटाळणाऱ्या मुलाला धरून ठेवायची ही रीत पंचवीस मिनिटांच्या भागाला जवळजवळ तशीच लागू पडते. प्रत्येक गोष्टीत जादूची एकच अट असते. तिचा आधी फायदा होतो आणि मग तीच अट चारचौघांत लाज काढते. ज्या लिपस्टिकमुळे मुली मुका घ्यायला धावतात, तिच्यापायी शेवटी डुकरिणीशी गाठ पडते. अंगात बळ आणणारी चड्डी नेमक्या वेळी आटते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला भुतापेक्षा फजितीची धास्ती जास्त असते, हे जेनिंग्जना पक्कं ठाऊक होतं.

अडचण वेगळीच होती. संग्रहातल्या प्रत्येक गोष्टीत ‘मी’ नवा, गाव नवं, बाप नवा. मालिकेला मात्र तीच माणसं आठवडा-आठवडा लागतात. म्हणून सगळे ‘मी’ तीन भावंडांत वाटून टाकले आणि गोष्टी एका गावात आणल्या. दुसरा धागा दीपगृहाचा : रात्री वरून ऐकू येणारं संगीत कुणाचं, हे कोडं पर्वभर चालू ठेवून शेवटी सोडवलं. त्यासाठी ‘अनरियल!’मधलीच दीपगृहाची गोष्ट कामी आली. या शिवणकामात दिग्दर्शक एस्बेन स्टॉर्म यांचा हात मोठा. दुसऱ्या पर्वाच्या संहिता तर त्यांनी आणि जेनिंग्जनी मिळूनच लिहिल्या. पडद्यावर शाळेतले स्नॅपर मास्तर झाले तेही स्टॉर्मच.

रूपांतरात काय होतं याचा एकच नमुना पाहा. पुस्तकातल्या मुलाच्या प्रत्येक वाक्याला आपोआप शेपूट लागतं, ‘शर्टाशिवाय’. पडद्यावर शर्टाची पँट झाली. ‘मी शाळेत जातोय, पँटीशिवाय.’ कागदावर शर्ट पुरतो, कारण वाचणारा आपल्या मनात चित्र काढतो. वर्गाला मोठ्याने हसवायचं तर पँटच हवी. मराठीत हा विनोद करायचा तर शेपूट क्रियापदानंतरच लावायला हवं. आधी आलं की ते साधं वाक्य होऊन बसतं आणि गंमत गेलीच.

दीपगृह खरं आहे : व्हिक्टोरिया राज्यात, ग्रेट ओशन रोडवरच्या एअरीज इनलेटचं ‘स्प्लिट पॉइंट’, बांधलेलं १८९१मध्ये, उंची ३४ मीटर. बाहेरची दृश्यं तिथली, घराच्या आतली मात्र स्टुडिओतल्या सेटवरची. खऱ्या मनोऱ्यात गोल जिना आणि जाड भिंत सोडली तर जेवणाचं टेबल मांडून कॅमेरा मागे न्यायला जागाच नाही.

गायब होण्या-प्रकट होण्याची युक्ती या जातीच्या विनोदी मालिकांत १९६४च्या ‘बिविच्ड’ या अमेरिकी मालिकेपासून तीच : कॅमेरा खिळवून ठेवायचा, नटांनी आहे तसं थिजायचं, वस्तू बदलायची, पुन्हा चालू करायचं आणि मधला तुकडा कापायचा. मूल एवढंसं हललं तरी जोड दिसतो. किनाऱ्यावर तर मध्येच ढग आला की सावली बदलते आणि सगळं पहिल्यापासून.

ढगापेक्षा मोठी अडचण वयाची. तीन वर्षांनी दुसरं पर्व आलं तोवर पहिली मुलं हाताबाहेर वाढली होती. तिघंही बदलली; टोनी झालेले रिचर्ड मॉयर तेवढे राहिले. शीर्षकगीत मात्र पहिल्या लिंडाच्या, टॅमसिन वेस्टच्याच आवाजात राहिलं. अँड्र्यू डफिल्ड यांनी ते बालगीतांतल्या ओळी घेऊन रचलेलं आहे आणि अजून कुणी विसरलेलं नाही. दुसऱ्या पर्वातला ब्रॉन्सन, जेफ्री वॉकर, पुढे दिग्दर्शक झाला. अमेरिकेच्या ‘मॉडर्न फॅमिली’चेही काही भाग त्याने केले. तिसऱ्या-चौथ्या पर्वात टोनीही बदलला आणि जेनिंग्जही नव्हते. जादू भरपूर, पण अट आणि फजितीची ती घट्ट सांगड तिथे सैल पडलेली जाणवते.

ज्या नियमामुळे हे सगळं घडलं, तो आता राहिलेला नाही : २०२१च्या जानेवारीपासून खासगी वाहिन्यांवरची मुलांच्या कार्यक्रमांची सक्ती उठली. स्प्लिट पॉइंटला मात्र लोक अजून येतात, १३६ पायऱ्या चढून वर जातात. ट्विस्टांचं स्वयंपाकघर शोधत येणाऱ्याला आत नुसता जिनाच सापडतो.