डिस्पोजेबल

डिस्पोजेबल : ‘एकदा वापरून टाकण्याजोगे’ या अर्थाने आज रूढ असलेले इंग्रजी विशेषण. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठीत ते बहुधा ‘डिस्पोजल’ होऊन येते आणि नामासारखेही चालते : ‘जेवणाला डिस्पोजलच सांगितलंय’, ‘शंभर डिस्पोजल ग्लास द्या’. पेन किंवा दाढीच्या रेझरला मात्र ‘यूज अँड थ्रो’ म्हणतात. दुकानात कन्नड आणि मराठी गिऱ्हाईक हेच शब्द वापरते.

मुळाशी लॅटिन ‘दिस्पोनेरे’ आहे, म्हणजे जागच्या जागी मांडणे, रचना लावणे. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. सतराव्या शतकात विशेषण घडले तेव्हा त्याचे दोन अर्थ होते : ज्यावाचून चालेल असे आणि हाताशी असलेले, गरजेप्रमाणे कामाला लावता येईल असे. दुसऱ्या अर्थात फेकणे मुळीच नाही. कर भरून हाती उरणाऱ्या उत्पन्नाला ‘डिस्पोजेबल इन्कम’ म्हणतात ते याच अर्थाने. त्याचे भाषांतर ‘टाकाऊ उत्पन्न’ असे कुणी केले तर ते सरळ चूक ठरेल.

फेकण्याचा अर्थ १९४० च्या दशकात अमेरिकेत, आधी बाळांच्या लंगोटांबाबत रुजला. वस्तू त्याच्याही आधीच्या. जिलेटचे बदलायचे पाते १९०३ मध्ये विक्रीला आले. १९०९ मध्ये कॅन्सस राज्याने रेल्वेत आणि सार्वजनिक जागी सगळ्यांनी एकाच पेल्याने पाणी पिण्यावर बंदी घातली, कारण त्यातून क्षयासारखे रोग पसरत. कागदी पेल्याला मागणी वाढली ती अशा बंदीमुळे. म्हणजे सुरुवातीला सोयीइतकेच आरोग्यही यामागे होते. उकळून पुन्हा वापरायच्या काचेच्या सिरिंजच्या जागी डिस्पोजेबल सिरिंज आली तेव्हा या शब्दाने खरोखर माणसे वाचवली, हे प्लास्टिकवर राग काढताना विसरू नये.

या शब्दासाठी मराठीत ‘विल्हेवाट’ जवळचा. ‘विल्हेस लावणे’ म्हणजे पूर्वी मार्गी लावणे, ज्याचे त्याच्याकडे नेमून देणे. विल्हेवाट होई ती मालमत्तेची, कामाची, तंट्याची. आज ती प्रामुख्याने कचऱ्याची होते. मांडणीकडून टाकण्याकडे अशी घसरण दोन भाषांत वेगवेगळी झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मधला अर्थ सरकारी दफ्तरात टिकला : केंद्र सरकारच्या ‘सप्लाइज अँड डिस्पोजल्स’ महासंचालनालयाकडे, ते २०१७ मध्ये बंद होईपर्यंत, खरेदीबरोबर जादा आणि जुन्या सामानाची विक्रीही होती. बेळगावसारख्या छावणीच्या गावात ‘मिलिटरी डिस्पोजल’ म्हणजे लष्कराने विकायला काढलेला माल. तो फेकण्यासाठी घेत नसत. उलट वर्षानुवर्षे टिकतो म्हणून घेत.

एकदाच वापरायचे भांडे या भागाला नवे नाही. पळसाची पाने काड्यांनी टाचून केलेली पत्रावळ आणि द्रोण, केळीचे पान, घाटाखालच्या सुपारीच्या बागांतून येणारी पोफळीच्या विरीची (पानाच्या देठाकडच्या रुंद आवरणाची) ताटे, ही सगळी एका जेवणापुरतीच. पळसाला कन्नडमध्ये ‘मुत्तुग’ म्हणतात. पत्रावळ शेजारच्या कन्नड घरातही पत्रावळीच. एकदाच वापरण्यामागे उष्ट्याचा विचार होता : दुसऱ्याच्या उष्ट्या पानावर वाढत नाहीत. आणि पत्रावळ उचलणे हे कामही मानाचे होते. धर्मराजाच्या यज्ञात श्रीकृष्णाने उष्टी काढली, ही कथा पंगतीत वाढणाऱ्या पोरांनाही ठाऊक असे. जेवण झाले की पाने उकिरड्यावर जात, उरलेले गुरांपुढे, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पानांचे खत होई. म्हणून पत्रावळीला ‘डिस्पोजेबल’ म्हणणे मला पटत नाही. त्या शब्दात टाकण्याची मुभा आहे, टाकलेले कुठे जाते याचा पत्ता नाही.

प्लास्टिकच्या पिशव्या, ताटे, पेले आणि थर्मोकोल यांवर कर्नाटकने मार्च २०१६ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये. मधली दोन वर्षे कर्नाटकातल्या निपाणीत जे बंद होते ते सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या कागलमध्ये चालत होते. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे.

लग्नाच्या पंगतीत आता बहुधा कागदी ताट येते. वर चंदेरी थर असतो आणि तो प्लास्टिकचाच असतो. उकिरड्यावर गाय ते खाते, पण तिच्या पोटात तो थर जिरत नाही. त्या ताटालाही लोक पत्रावळच म्हणतात.